शिडाच्या होडीवरील दोर आणि गाठी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पावसाळा सरला आणि समुद्र निवळला की गोव्यात करंझाळे, दोनापावला या बाजूला शिडाची होडी शिकू पाहणारी मंडळी येऊ लागतात. वाऱ्याविषयीचे त्यांचे प्रश्न वारा अंगावर आल्यावर आपोआप सुटतात. दोरांविषयीचे प्रश्न मात्र पुन्हा पुन्हा तेच असतात. म्हणून ते येथे एकत्र करून उत्तरांसह दिले आहेत.

शीट म्हणजे शीड का?

नव्हे, आणि मराठी माणसाचा पहिला गोंधळ नेमका येथेच होतो. शीड म्हणजे वारा धरणारे कापड, तर शीट म्हणजे त्या शिडाचा मोकळा कोपरा ओढण्याचा किंवा सैल सोडण्याचा दोर. प्रशिक्षकाने ‘शीट सोडा’ असे ओरडून सांगितल्यावर शिकाऊ माणूस शिडाकडे बघत राहिला, तर तेवढ्या वेळात होडी कलंडू शकते. शीड डोलकाठीवर चढविण्याच्या दोराला हॅलयार्ड म्हणतात. छोट्या होडीच्या नाळेला, म्हणजे पुढच्या टोकाला, बांधलेला, ती धक्क्याला लावण्याचा किंवा मागून ओढून नेण्याचा दोर म्हणजे पेंटर. सुरुवातीला एवढी तीन नावे पुरतात, बाकीची कामाच्या ओघात कळत जातात.

दोर कोणत्या धाग्याचा घ्यावा? बाजारात सगळेच सारखे दिसतात.

सारखे दिसतात, पण समुद्रावर अगदी निराळे वागतात. नायलॉन ताणला की बराच लांबतो आणि ताण गेला की परत आखडतो. लाटेचा हिसका तो स्वतःत जिरवत असल्यामुळे नांगरासाठी आणि होडी धक्क्याला बांधण्यासाठी तो उत्तम, पण ओला झाल्यावर त्याची ताकद थोडी घटते. पॉलिस्टर फारसा ताणला जात नाही आणि उन्हातही चांगला टिकतो, म्हणून शीट आणि हॅलयार्ड त्याचे करतात. हॅलयार्ड नायलॉनचा केला, तर वाऱ्याच्या प्रत्येक झोतासरशी शीड खाली सरकेल आणि त्याचा आकार बिघडेल. पॉलिप्रॉपिलीन स्वस्त आणि हलका असतो. त्याची घनता पाण्याहून कमी, सुमारे ०.९१ असल्याने तो तरंगतो, म्हणून बुडणाऱ्याकडे फेकण्याच्या दोरासाठी तो योग्य ठरतो. तरंगतो म्हणूनच तो नांगराला लावू नये, कारण पृष्ठभागावर पसरलेला दोर जवळून जाणाऱ्या दुसऱ्या होडीच्या पंख्यात अडकतो. उन्हाने तो लवकर ठिसूळही होतो: हात फिरवल्यावर तळव्याला बारीक कुसे टोचू लागली, की त्याचे आयुष्य संपत आले असे समजावे.

डायनीमा या नावाने ओळखला जाणारा धागा वजनाच्या मानाने पोलादी तारेपेक्षाही कितीतरी बळकट असतो आणि तोही तरंगतो. मात्र तो अतिशय गुळगुळीत असल्याने साध्या गाठी त्याच्यावरून सरकून सुटतात, आणि सुमारे १४५ अंश सेल्सिअसला वितळत असल्याने घर्षणाची उष्णता त्याला सोसत नाही. नवशिक्याने त्याच्या वाटेला जाऊ नये, असे आमचे मत आहे. एवढा महाग दोर घेऊन त्याला चुकीची गाठ मारण्यापेक्षा साधा पॉलिस्टर बरा.

जाडी कशी ठरवायची?

ताकदीचा विचार आधी मनात येतो, परंतु लहान होडीवर जाडी बहुधा हातावरून ठरते. ६ मिलिमीटरचा दोर भार सहज पेलत असला तरी तासभर ओढताना तळव्यात रुततो, म्हणून हातात धरण्याची शीट ८ ते १० मिलिमीटरची ठेवतात. ताकदीचे गणित लक्षात ठेवायला सोपे आहे: ती व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे व्यास दुप्पट केला तर ताकद सुमारे चौपट होते. तीन पेडांचा १२ मिलिमीटरचा चांगला नवा नायलॉन दोर सुमारे ३ टनांच्या ताणाला तुटतो. याचा अर्थ त्याच्यावर ३ टनांचा भार घालावा असा नाही. गाठ, झीज, ऊन आणि अचानक बसणारे हिसके धरून रोजचा भार तुटण्याच्या भाराच्या पाचव्या हिश्शाहून अधिक होऊ देऊ नये.

शिकण्यासारख्या गाठी शेकड्यांनी आहेत. नेमक्या किती यायला हव्यात?

पाच-सहा. पण त्या अंधारात, ओल्या हातांनी आणि होडी हलत असताना यायला हव्यात.

मराठीत सुरगाठ आणि निरगाठ असे दोन शब्द आहेत. एका ओढीने सुटते ती सुरगाठ, आणि नखे तुटली तरी सुटत नाही ती निरगाठ. जमिनीवर निरगाठ मारणाऱ्याला पक्के काम करणारा समजतात. समुद्रावर मात्र ती धोक्याची असते, कारण तेथे प्रत्येक दोर कधी ना कधी, आणि बहुतेकदा घाईत, सोडावा लागतो. म्हणून कोणतीही गाठ निवडताना दोन प्रश्न विचारावेत: भार असताना ती टिकेल का, आणि भार असताना ती सोडता येईल का? पहिला प्रश्न सगळेच विचारतात. दुसरा न विचारल्यामुळे शेवटी सुरी काढावी लागते.

बोलाइन या गाठीचे एवढे कौतुक का?

तिच्यामुळे दोराच्या टोकाला न आवळणारा फास तयार होतो, आणि कितीही ताण बसून गेला तरी ताण उतरल्यावर ती बोटांनी सुटते. बांधताना लांब दोर अंगापासून दूर जाऊ द्यावा आणि त्यावर एक लहान वेटोळे असे घालावे, की टोकाकडची बाजू वर राहील. टोक वेटोळ्यातून खालून वर काढावे, लांब दोराच्या मागून फिरवावे आणि त्याच वेटोळ्यातून पुन्हा खाली घालावे. मग सर्व बाजूंनी हळूहळू आवळावे. पुढच्या शिडाच्या कोपऱ्याला शीट याच गाठीने बांधतात. तेथे लोखंडी कडी लावली, तर फडफडणारे शीड ती कोणाच्या तरी कपाळावर आपटते.

तिचे दोन दोषही सांगायला हवेत. भार चालू असताना ती सोडता येत नाही, त्यामुळे ऐन वेळी सोडावा लागणारा दोर तिने बांधू नये. शिवाय दोर कडक असेल आणि गाठ सतत हेलकावत असेल, तर ती हळूहळू ढिली होते. यासाठी टोक दोराच्या व्यासाच्या निदान दहा-बारापट लांब राखावे.

धक्क्यावरच्या कडीला किंवा खांबाला होडी कशी बांधावी?

खांबाभोवती दोन वळसे देऊन वर दोन अर्ध्या गाठी माराव्यात, म्हणजे राउंड टर्न अँड टू हाफ हिचेस. हिच्यात भार पेलण्याचे काम वळसे करतात आणि गाठी फक्त टोक धरून ठेवतात. त्यामुळे होडी ओढत असतानाही गाठी सोडून, वळशांच्या घर्षणावर दोर हळूहळू सैल सोडता येतो. वरच्या दोन प्रश्नांना एकाच वेळी ‘हो’ म्हणणारी ही गाठ आहे, आणि एकच गाठ शिकायची असेल तर आम्ही बोलाइनच्या आधी हीच शिकवू.

क्लोव्ह हिच झटकन बांधता येते, म्हणून अनेक जण तीच वापरतात. फेंडर, म्हणजे होडी धक्क्यावर आपटू नये म्हणून मध्ये लावायची गादी, किंवा त्याच्या जागी लावलेला जुना टायर टांगायला ती ठीक आहे. पण होडी पुढे-मागे हलू लागली की ती खांबाभोवती फिरत फिरत सैल होते, म्हणून रात्रभर होडी तिच्या भरवशावर सोडू नये.

मांडवी किंवा जुवारी नदीत होडी बांधताना भरती-ओहोटीचा विचार कसा करावा?

गोव्याच्या किनाऱ्यावर दिवसातून दोनदा भरती आणि दोनदा ओहोटी येते, आणि अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास पाण्याच्या पातळीतला फरक सुमारे दोन मीटरपर्यंत जातो. तरंगत्या धक्क्याला लावलेली होडी धक्क्याबरोबरच वर-खाली होते, तिथे चिंता नाही. पक्क्या, दगडी धक्क्यावर मात्र भरतीच्या वेळी आखूड बांधलेली होडी सहा तासांनी दोरांवर लटकलेली सापडते. प्रस्तुत लेखकाने हा धडा स्वतःच्याच होडीवर घेतला आहे. दुपारी नीट बांधलेली होडी संध्याकाळी तिरकी टांगलेली होती, बोलाइनच्या गाठी भाराखाली असल्याने सुटेनात, आणि अखेर दोन चांगले दोर कापावे लागले. त्या वेळी तिथे उभ्या असलेल्या एका वयस्क तांडेलाने काहीही न बोलता आपली सुरी पुढे केली, तो क्षण अजून आठवतो.

उपाय सोपा आहे. नाळेचा आणि मागचा दोर होडीपासून सरळ खांबाकडे न नेता लांबवर, तिरके बांधावेत. दोर जितका लांब, तितका पाण्याच्या चढ-उतारामुळे त्याच्या कोनात पडणारा फरक कमी. याशिवाय स्प्रिंग नावाचे आणखी दोन दोर लावावेत: एक नाळेकडून मागे आणि एक मागून पुढे. त्यामुळे होडी धक्क्याला समांतर राहते आणि मागे-पुढे सरकत नाही.

नांगराचा दोर किती लांब सोडावा?

नांगराला दोर लावलेला असेल, तर खोलीच्या पाच ते सातपट. खोली मोजताना भरतीचे पाणी आणि पाण्यापासून नाळेची उंची हे दोन्ही धरायचे असते. ओहोटीला ४ मीटर पाणी असेल, भरतीने २ मीटरची भर पडणार असेल आणि नाळ १ मीटर उंच असेल, तर हिशेब ७ मीटरचा करावा लागतो, आणि सातपटीने तो सुमारे ५० मीटर होतो. नांगर वजनाने होडी धरत नाही, तळाच्या चिखलात किंवा वाळूत रुतून धरतो, आणि ओढ आडवी असेल तरच तो रुतून राहतो. आखूड दोराची ओढ वरच्या दिशेने बसते आणि ती नांगर उपटून काढते. नांगर आणि दोर यांच्यामध्ये काही मीटर साखळी असली, तर तिच्या वजनाने ओढ आडवी राहते, आणि तळाच्या खडकांशी घासण्याचे कामही दोराऐवजी साखळीच करते.

दोन दोर जोडायला रीफ नॉट चालते ना? शाळेत तीच शिकवली होती.

चालत नाही. ही गाठ शिडाचा गुंडाळलेला भाग बांधण्यासाठी आहे, जिथे तिच्या मागे गुंडाळीचा आधार असतो. मोकळ्या दोरांमध्ये एक टोक आडवे ओढले गेले की ती उलटते आणि दोन्ही दोर एकमेकांतून निसटतात. दोर जोडण्यासाठी शीट बेंड वापरावी. एक दोर जाड असेल, तर त्याला दुमडून घ्यावे, बारीक दोर त्या दुमडीतून वर काढून दुमडीच्या मागून फिरवावा आणि स्वतःच्याच खाली दाबावा. जाडीत मोठा फरक असेल, तर मागून दोन फेरे द्यावेत.

शीटच्या टोकाला गाठ कशासाठी?

हातून सुटलेली शीट कप्पीतून बाहेर पडू नये म्हणून. इंग्रजी आठाच्या आकड्यासारखी दिसणारी फिगर ऑफ एट गाठ यासाठी वापरतात.

क्लीटवर दोर कितीदा गुंडाळावा?

क्लीट म्हणजे दोर अडकवण्याची दोन शिंगांची खुंटी. तिच्या पायथ्याशी एक पूर्ण वळसा, मग एक किंवा दोन वेळा आठाच्या आकारात, आणि शेवटी एकच उलटवलेला अडकाव. त्याहून अधिक गुंडाळल्याने पकड वाढत नाही, सोडायला लागणारा वेळ तेवढा वाढतो.

गाठीमुळे दोर कमजोर होतो, हे खरे आहे का?

खरे आहे. सरळ दोरात सगळे धागे भार साधारण सारखा वाटून घेतात. गाठीतल्या तीव्र वळणावर बाहेरच्या बाजूचे धागे जास्त ताणले जातात, आतले सैल राहतात, आणि ताणलेले आधी तुटतात. बोलाइनमध्ये दोराची सुमारे ६० ते ७५ टक्के ताकद शिल्लक राहते, रीफ नॉटमध्ये त्याहूनही कमी. म्हणूनच भाराखाली दोर तुटतो तेव्हा तो बहुधा गाठीच्या तोंडाशी तुटतो.

कायमचा फास हवा असेल, तर गाठीऐवजी स्प्लाइस करतात, म्हणजे दोराचे पेड उकलून ते त्याच दोराच्या पेडांमध्ये विणतात. तिच्यात सुमारे ९० टक्के ताकद टिकते. काथ्यासारख्या नैसर्गिक धाग्याला विणीचे तीन फेरे पुरतात, तर नायलॉन-पॉलिस्टर निसरडे असल्याने त्यांना निदान पाच द्यावे लागतात. पहिली स्प्लाइस कुरूप होते, दुसरी बरी होते. मासेमारी बंद असलेल्या १ जून ते ३१ जुलै या दोन महिन्यांत जेट्यांच्या आसपास जाळी आणि दोर दुरुस्त करणारी माणसे बसलेली असतात; त्यांच्या शेजारी तासभर बसण्याची परवानगी मिळाली, तर कोणत्याही चित्रफितीपेक्षा अधिक शिकायला मिळते. अनुभवी हात पेडांकडे न बघता वीण घालतात.

दोराचे टोक जाळून बंद केले तर पुरते का?

घाईत पुरते, पण तो गोळा कडक होऊन फुटतो आणि त्याच्या कडा हात कापतात. मेणलावल्या धाग्याने टोक घट्ट गुंडाळून बांधणे हा टिकाऊ उपाय आहे. गुंडाळीची लांबी दोराच्या व्यासाच्या दीडपट ठेवावी. काथ्याचा किंवा सुती दोर मुळात वितळतच नाही, त्यामुळे तिथे दुसरा पर्यायही नाही.

दोराची वेटोळी करताना तो पिळतो आणि गुंततो. काय चुकते?

‘सुंभ जळाला तरी पीळ जळत नाही’ ही म्हण माणसाच्या ताठ्याविषयी वापरली जाते, पण ती ज्याने प्रथम म्हटली त्याने दोर लक्षपूर्वक पाहिलेला असणार. पेडांच्या दोराला घडणीचाच पीळ असतो, आणि बहुतेक दोर उजव्या पिळाचे असतात. त्यांची वेटोळी घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने करावीत, आणि प्रत्येक वेटोळे घेताना अंगठा व बोटांमध्ये दोराला अर्धा पीळ द्यावा. उलट दिशेने गुंडाळलेला दोर पिळाशी भांडतो आणि त्याला आकडे पडतात. विणलेल्या, म्हणजे पेड नसलेल्या दोराला असा एकतर्फी पीळ नसतो. तो एकाच दिशेने गुंडाळला तर नवा पीळ चढतो, म्हणून तो आठाच्या आकारात गोळा करावा.

दोरामुळे अपघात कसे होतात?

ताणलेला नायलॉन तुटला की साठलेली सगळी शक्ती एका क्षणात मोकळी होते, आणि टोक चाबकासारखे त्याच रेषेत मागे येते. मोठ्या जहाजांवर अशा फटक्याने माणसे दगावली आहेत. म्हणून ताणलेल्या दोराच्या रेषेत उभे राहू नये. पडलेल्या वेटोळ्यात पाय ठेवू नये, कारण नांगर सुटताच ते वेटोळे पायाभोवती आवळते. भार आलेला दोर हाताला गुंडाळू नये. हातातून सरकणारा दोर तळवा भाजतो, हाताला गुंडाळलेला दोर बोटे नेतो. सुरी खिशात नव्हे, तर एका हाताने उपसता येईल अशी कमरेला असावी.

फेकण्याच्या दोराला जड करण्यासाठी टोकाच्या गाठीत दगड किंवा लोखंड भरण्याची जुनी खोड आहे. ज्याला वाचवायचे त्याच्या डोक्यावर तेच बसते. वेटोळ्यांचे दोन भाग करून एक फेकत्या हातात आणि एक दुसऱ्या उघड्या हातात धरला, तर साधा दोरही पुरेसा लांब जातो.

पावसाळ्यात दोर कसे ठेवावेत?

मे महिना संपण्यापूर्वी सगळे दोर काढून गोड्या पाण्याच्या बादलीत भिजत घालावेत आणि दोन-तीन पाण्यांतून काढावेत. मिठाचे कण आणि वाळू पेडांमध्ये शिरून धागे आतून कापत असतात, आणि ते बाहेरून दिसत नाही. मग सावलीत वाळवून, वारा खेळेल अशा ठिकाणी खुंटीवर टांगावेत. नायलॉन आणि पॉलिस्टर कुजत नाहीत, पण आपल्याकडच्या दमट हवेत त्यांच्यावर बुरशी धरते आणि ते कडक होतात. काथ्या, ताग आणि सूत ओले ठेवले तर खरोखरच कुजतात. वरून धडधाकट दिसणाऱ्या दोराचे पेड थोडे उकलून आत करडी भुकटी दिसते का, ते पाहावे.

वापरातला दोर सगळीकडे सारखा झिजत नाही. कप्पीवरून जाणारी जागा आणि धक्क्याच्या कडेशी घासणारी जागा आधी जाते. वेरे येथील नौदलाच्या तळावरून निघालेल्या ‘तारिणी’ या शिडाच्या नौकेने २ ऑक्टोबर २०२४ ते २९ मे २०२५ या काळात दोन महिला अधिकाऱ्यांसह पृथ्वीप्रदक्षिणा केली. अशा प्रवासात तेच शीड कित्येक दिवस चढलेले राहू शकते, आणि हॅलयार्डचा तोच इंचभर भाग कप्पीवर घासत राहतो. लांब पल्ल्याचे खलाशी तो अधूनमधून थोडासा ओढतात किंवा सोडतात, म्हणजे झीज एका जागी साचत नाही. आपल्या होडीवर वर्षातून एकदा दोराची टोके उलटवून लावली आणि धक्क्याशी घासणाऱ्या जागी जुन्या नळीचा तुकडा चढवला, तरी दोराचे आयुष्य बरेच वाढते.

दिवाडीला खिळ्यांशिवाय, दोराने शिवलेले जहाज बांधले, ते टिकते कसे?

हा प्रश्न दोरांच्या वर्गात हमखास निघतो. अजिंठ्याच्या एका चित्रातील जहाजावरून प्रेरणा घेऊन ‘कौंडिण्य’ हे जहाज दिवाडी बेटावर बांधले गेले, मे २०२५ मध्ये ते कारवारला नौदलात दाखल झाले, आणि डिसेंबर २०२५ मध्ये ते पोरबंदरहून मस्कतकडे निघाले. केरळच्या कारागिरांनी त्याच्या फळ्या काथ्याच्या दोराने एकमेकींना शिवल्या. दोन फळ्यांच्या सांध्यावर नारळाच्या तंतूंची गादी ठेवायची, दोन्ही कडांना पाडलेल्या भोकांतून दोर ओवायचा आणि तो गादीवरून आवळत जायचे, अशी ही पद्धत आहे. भोके आणि सांधे नैसर्गिक राळेने बुजवतात. लोखंडी खिळा खाऱ्या पाण्यात गंजतो आणि लाकडालाही खातो. काथ्या मात्र खारे पाणी इतर नैसर्गिक धाग्यांपेक्षा चांगले सोसतो, भिजल्यावर फुगतो आणि सांधा अधिक घट्ट करतो. लाट बसली की शिवलेले अंग किंचित लवते, तडकत नाही. ताकदीत काथ्या तागाच्याही मागे आहे, मग नायलॉनची गोष्टच सोडा. पण इथे एका दोरावर भार नसतो, हजारो टाक्यांत वाटलेला असतो. वरच्या एका उत्तरात गाठीच्या वळणावर धागे भार सारखा वाटून घेत नाहीत असे म्हटले, त्याची ही नेमकी उलट बाजू आहे.

होडीचा वेगही नॉटमध्येच का मोजतात?

कारण तो खरोखरच गाठींनी मोजला जाई. लाकडी फळी बांधलेला दोर मागून पाण्यात सोडत, त्यावर ४७ फूट ३ इंच अंतराने गाठी मारलेल्या असत, आणि २८ सेकंदांचे वाळूचे घड्याळ रिकामे होईपर्यंत हातातून किती गाठी गेल्या ते मोजत. तेवढे सागरी मैल तासाला. आज एक नॉट म्हणजे ताशी १.८५२ किलोमीटर, म्हणून ‘ताशी पाच नॉट’ म्हणणे चूक आहे. ‘पाच नॉट’ एवढेच म्हणावे.

टाकाऊ दोराचे काय करावे?

समुद्रात किंवा नदीत तुकडाही टाकू नये. जहाजांवरून कोणतेही प्लास्टिक, त्यात कृत्रिम धाग्यांचे दोरही आले, समुद्रात टाकण्यास आंतरराष्ट्रीय नियमांनी पूर्ण बंदी आहे. मोरजी, आगोंद आणि गालजीबाग या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालायला येतात, आणि पाण्यात तरंगणाऱ्या जुन्या दोरात व जाळ्यात कासवे अडकतात. होडीच्या पंख्यात गुंतलेला असा दोर काढायला ओहोटीच्या चिखलात उतरावे लागते, हे ज्याने केले आहे त्याला वेगळे सांगायची गरज नाही. नायलॉनचे बरे तुकडे फेंडर टांगायला किंवा गाठींच्या सरावासाठी ठेवावेत. उरलेले आखूड तुकडे करून, म्हणजे त्यात कोणाचा पाय किंवा मान अडकणार नाही असे, सुक्या कचऱ्यात द्यावेत. काथ्याचा दोर मात्र परसातल्या माडाच्या आळ्यात घातला तरी चालतो.